भारताची फुटबॉल मॅच बघायची तर: भुसावळ ते अंधेरी

क्रिकेटची मॅच भुसावळात शोधावी लागत नाही, पानटपरीवर उभं राहिलं तरी स्कोअर कानावर पडतो. भारताच्या फुटबॉल संघाचं तसं नाही. मॅच कधी, कुठे, कोणत्या चॅनलवर हे आधी हुडकून काढायचं, मग बघायचं. २०१८ च्या जूनमध्ये मात्र संघ मुंबईत खेळत होता, म्हणजे आपल्या रेल्वेच्या रुळावरच. टीव्हीचा विचारच केला नाही.

निमित्त तेव्हाचा भारताचा कर्णधार सुनील छेत्रीचं. इंटरकॉन्टिनेन्टल कप या चार देशांच्या स्पर्धेत भारताने चायनीज तैपेईला (म्हणजे तैवानला) ५-० ने हरवलं, छेत्रीने हॅटट्रिक केली आणि अंधेरीच्या मैदानात माणसं होती जेमतेम अडीच हजार. दुसऱ्या दिवशी त्याने व्हिडिओ टाकला: शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात या. पुढची केनियाविरुद्धची मॅच, त्याची शंभरावी, हाउसफुल्ल झाली. मी लगेच १० जूनच्या फायनलचं तिकीट ऑनलाइन काढलं. तो रविवार होता, हेही नशीबच.

खरी डोकेफोड परतीच्या गाडीची. मॅच रात्री आठची, संपायला दहा. हावडा मेल तोवर निघून गेलेली असते. उरते महानगरी, पण ती सीएसएमटीहून सुटते मध्यरात्री बारा वाजून गेल्यावर. म्हणजे रिझर्व्हेशन १० तारखेचं नाही, ११ चं काढायचं. या तारखेच्या घोळात भुसावळची भलीभली माणसं प्लॅटफॉर्मवर अडकलेली पाहिली आहेत.

जाताना दादरला उतरून पश्चिम रेल्वे पकडण्यापेक्षा सोपा रस्ता आहे. कल्याणला किंवा ठाण्याला उतरा, लोकलने घाटकोपर गाठा आणि तिथून मेट्रो. अंधेरी स्टेशनच्या पुढे आझाद नगरला उतरलं की मैदान चालत. मधला गर्दीचा अर्धा वैताग वाचतो.

निघताना शेजारचे काका म्हणाले, "बॉल पाह्यले मुंबईले चालला का भो?" आईने मात्र काही न विचारता दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. मैदानात डबा, बाटली काही नेऊ देत नाहीत, म्हणून आझाद नगरच्या जिन्याशेजारी उभ्याउभ्याच खाल्लं. निळी जर्सी घातलेला एक बंगाली पोरगा बघत होता, त्यालाही एक दिली. त्याने मग मला गेट दाखवलं.

आठव्याच मिनिटाला अनिरुद्ध थापाने फ्री किक जमिनीलगत आत सरकवली आणि छेत्रीने गोल केला. पण लक्षात राहिला तो दुसरा. अनस एडाथोडिकाने मागून लांब बॉल उचलला, छेत्रीने धावता धावता तो छातीवर घेतला, खाली पडू दिला आणि डाव्या पायाने मारला. टीव्हीवर कॅमेरा बॉलच्या मागे असतो, मैदानात मात्र बॉल हवेत असतानाच त्याने डिफेंडरला कसं मागे टाकलं ते दिसतं. २-० ने कप आपला. छेत्रीचे आंतरराष्ट्रीय गोल झाले ६४, त्या वेळी मेस्सीचे होते तेवढेच. २०२४ च्या जूनमध्ये तो ९४ गोलांवर थांबला, मग २०२५ मध्ये परत आला, ते वेगळंच प्रकरण.

घरून बघणं हे जास्त कटकटीचं. जानेवारी २०२४ चा कतारमधला आशिया चषक स्पोर्ट्स १८ वर होता आणि ते चॅनल आमच्या पॅकमध्ये नव्हतं. मग मोबाइलवर जिओसिनेमा. ऑस्ट्रेलिया आणि सीरियाच्या मॅच संध्याकाळी पाचला, उझबेकिस्तानची रात्री आठला. मोबाइलवरचं चित्र मागे चालतं, म्हणून स्कोअरच्या ॲपचं नोटिफिकेशन आधी बंद करावं, नाहीतर समोर बॉल मध्यरेषेवर आणि गोल झाल्याची बातमी हातात. अर्थात तिन्ही मॅचमध्ये आपला गोल एकही झाला नाही, त्यामुळे बातम्या सगळ्या वाईटच आल्या.

आता माझी पद्धत ठरलेली आहे. राष्ट्रीय संघांच्या मॅच बहुतेक मार्च, जून, सप्टेंबर, ऑक्टोबर आणि नोव्हेंबरच्या फिफा खिडक्यांत, म्हणजे राष्ट्रीय संघांसाठी राखून ठेवलेल्या दिवसांत असतात. तेवढेच महिने भारतीय फुटबॉल फेडरेशनच्या पानावर नजर ठेवायची. मॅच दाखवायचे हक्क कोणाकडे हे दर स्पर्धेला बदलतं. कधी स्टार, कधी फॅनकोडचं ॲप. म्हणून वर्षभराचा पॅक कधीच घेत नाही, मॅचच्या आठवड्यात काय ते बघतो. आणि मॅच मुंबईत आली, तर आधी महानगरीचं रिझर्व्हेशन, मग मॅचचं तिकीट.