हंपीचा अल्बम

रविवार असल्याने, माळ्यावरून खाली आलेल्या अल्बममधील १९९६ सालच्या हंपी सहलीची छायाचित्रे स्कॅन करून येथे टाकावीत असे सकाळी ठरवले आणि त्यातच गोदाघाटावरची संध्याकाळची फेरी हुकली. सहा बाय चार इंचांची प्रत ६०० डीपीआयला (म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केली की चित्र ३६०० बाय २४०० पिक्सेलचे होते. ते तसेच चढवले तर फेसबुक ते स्वतःच लहान करते आणि शिवाय फाइल दाबून हलकीही करते, त्यामुळे विठ्ठल मंदिराच्या आवारातील दगडी रथाच्या चाकांवरची नक्षी पहिल्या प्रयत्नात पार पुसट झाली. म्हणून लांब बाजू २०४८ पिक्सेल ठेवली, आकार कमी केल्यानंतरच किंचित धार दिली (म्हणजे कडा ठळक केल्या) आणि मग चित्रे जेपीईजीमध्ये साठवली. मूळ स्कॅन टिफ या तपशील न गाळणाऱ्या फाइल-प्रकारात वेगळे ठेवले आहेत, कारण एकदा गाळलेले पिक्सेल परत मिळत नाहीत. (एका चित्राच्या मूळ फाइलवरच मी घाईत लहान प्रत साठवली, हे घरी कोणी सांगू नये.) रथापुढे उभ्या असलेल्या आईची मोरपिशी साडी कागदावर विटून तांबूस झाली आहे, तो रंग दुरुस्त करण्याचा मोह मात्र मी टाळला. तुंगभद्रेतील हरिगोलाचे (टोपलीसारख्या गोल नावेचे) छायाचित्र उद्या टाकतो, त्यात नाशिकहून नेलेला चिवड्याचा डबाही दिसतो.