तिसऱ्यांची शिपां आणि त्रिएस्ते

"शिपां घेवन विमानात बसतलंस?" आईने विचारलं. मालवणच्या घरामागे तिसऱ्यांच्या आणि कालवांच्या शिपांचा, म्हणजे शिंपल्यांचा, ढीग असतोच. त्यातलीच चार वेचली, धुतली, कुटून पूड केली आणि क्ष-किरणांनी तिची आतली रचना पाहायला इटलीतल्या त्रिएस्तेला नेली.

तिथे एलेत्रा नावाचं सिंक्रोट्रॉन आहे, परीघ 259 मीटर. त्यात इलेक्ट्रॉन जवळपास प्रकाशाच्या वेगाने गरगरतात. चुंबकांनी त्यांची वाट वळवली की ते प्रकाश टाकतात आणि त्यातूनच अतितीव्र क्ष-किरण मिळतात. भारत-इटली भागीदारीतल्या बीमलाइनही, म्हणजे ते किरण प्रयोगापर्यंत नेणाऱ्या वाटा, तिथे आहेत. यंत्रावरची वेळ पैशांनी नाही, प्रस्तावाच्या दर्जावर मिळते. माझा पहिला प्रस्ताव नाकारला होता, तो राग अजून आहे.

यंत्र रात्रंदिवस चालतं, म्हणून माझ्या प्रयोगाची पाळी पहाटे दोनची. डोळे मिटत होते, पण पडद्यावर क्ष-किरणांच्या आलेखाची शिखरं उमटली आणि झोप उडाली. दोन्ही शिपां कॅल्शियम कार्बोनेटचीच, पण तिसऱ्यांच्या शिपात अ‍ॅरागोनाइट आणि कालवाच्या शिपात मुख्यतः कॅल्साइट. माल तोच, स्फटिकाची रचना निराळी.

शेजारच्या टेबलावरच्या मुलीने जॉर्डनच्या सेसमी या सिंक्रोट्रॉनचा विषय काढला. इराण आणि इस्रायल दोघंही तिथे सदस्य. आमच्याकडे बांधावरून भावकी बोलत नाही!

सकाळी बसने खाली उतरले. एड्रियाटिक समुद्र शांत, निळाशार, पण खाऱ्या माशाचा वास नाही. आईला फोन लावला. तिने पहिलं विचारलं, "जेवलंस काय?"