घरून जीमॅट देताना

व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश देताना जगभरातील अनेक संस्था जीमॅटचे गुण विचारात घेतात, आणि ही परीक्षा आता केंद्रावर न जाता घरच्या संगणकावरही देता येते. मी ती तशीच दिली. या परीक्षेच्या अभ्यासाविषयी भरपूर लिहिले जाते, पण त्यातला बहुतेक भर गणिताची सूत्रे आणि उताऱ्यांच्या युक्त्या यांवरच असतो. माझे मत थोडे वेगळे झाले आहे. जीमॅटमधील गणित शाळेच्या पातळीपलीकडे फारसे जात नाही. कस लागतो तो घड्याळ चालू असताना निर्णय घेण्याचा, म्हणजे कोणता प्रश्न सोडवायचा, कोणता अर्ध्यावर सोडायचा आणि कोणत्या उत्तराकडे पुन्हा वळून पाहायचे हे ठरवण्याचा. घरून परीक्षा देताना त्यात आणखी एक भर पडते, ती अशी की परीक्षा केंद्रातील कर्मचारी एरवी जी व्यवस्था पाहतात, ती सगळी आपल्या अंगावर येते.

आधी थोडा इतिहास सांगतो, कारण त्याचा अभ्यासाच्या साहित्याशी थेट संबंध आहे. १९५४ मध्ये वेगळ्या नावाने सुरू झालेल्या या परीक्षेला जीमॅट हे नाव १९७६ मध्ये मिळाले, १९९७ पासून ती संगणकावर आली आणि परीक्षार्थीच्या उत्तरांनुसार प्रश्नांची काठिण्यपातळी बदलू लागली. कोविडच्या साथीत परीक्षा केंद्रे बंद पडली तेव्हा, एप्रिल २०२० मध्ये, घरून देण्याची सोय तात्पुरती म्हणून सुरू झाली आणि पुढे ती कायम राहिली. त्यानंतर नोव्हेंबर २०२३ मध्ये परीक्षेचे स्वरूपच बदलले आणि जुने स्वरूप जानेवारी २०२४ अखेर बंद झाले. नव्या परीक्षेत निबंध नाही, वाक्यातील चुका दुरुस्त करण्याचा प्रश्नप्रकार नाही आणि गणितातून भूमितीही गेली आहे. तरीही जुनी पुस्तके, जुन्या टिपणांच्या फायली आणि जुने व्हिडिओ सर्रास हातोहात फिरत असतात, त्यामुळे कुणाकडून साहित्य घेतले तर ते कोणत्या स्वरूपासाठी लिहिलेले आहे हे पहिल्यांदा तपासावे. गुणांचेही तसेच आहे. पूर्वीची गुणश्रेणी २०० ते ८०० होती, आताची २०५ ते ८०५ आहे आणि प्रत्येक एकूण गुणाचा शेवटचा अंक ५ असतो. दोन्ही श्रेणी सारख्या दिसतात, पण त्यांची सरळ तुलना होत नाही, कारण जुन्या ७०० गुणांना पर्सेंटाइलच्या हिशेबाने आताचे साधारण ६४५ गुण समकक्ष ठरतात. हे ठाऊक नसल्यामुळे चांगले गुण मिळूनही हिरमुसलेले लोक मी पाहिले आहेत.

परीक्षा एकूण सव्वादोन तासांची आणि ६४ प्रश्नांची आहे. क्वांटमध्ये म्हणजे गणिताच्या विभागात २१, व्हर्बलमध्ये म्हणजे भाषेच्या विभागात २३ आणि डेटा इनसाइट्समध्ये म्हणजे माहितीच्या विश्लेषणाच्या विभागात २० प्रश्न असतात, प्रत्येक विभागाला ४५ मिनिटे मिळतात आणि तिन्ही विभागांचे वजन एकूण गुणांत सारखेच असते. विभागांचा क्रम आपण निवडायचा, आणि मध्ये दहा मिनिटांची एक सुटी घ्यायची की नाही हेही आपणच ठरवायचे.

आता वेळेबद्दल. क्वांटमध्ये एका प्रश्नाला सरासरी दोन मिनिटांहून किंचित जास्त वेळ मिळतो, पण प्रत्येक प्रश्नावर घड्याळ पाहत बसले तर डोके चालेनासे होते. त्यापेक्षा टप्पे ठरवलेले बरे, म्हणजे सात प्रश्न झाले की तीस मिनिटे उरलेली असावीत आणि चौदा झाले की पंधरा. एवढे दोन आकडे लक्षात ठेवले की मधल्या काळात घड्याळाकडे पाहण्याचे कारण उरत नाही. परीक्षेत कोणताही प्रश्न कोरा सोडून पुढे जाता येत नाही. काही ना काही उत्तर निवडावेच लागते. मात्र प्रश्नावर खूण करून ठेवता येते आणि विभागाच्या शेवटी वेळ उरला तर परत येऊन उत्तर बदलता येते, तेही एका विभागात जास्तीत जास्त तीनच. ही सोय ऐकायला गोड वाटते, पण ती वापरायची कशासाठी याचा विचार सरावातच झाला पाहिजे. मनात किंचित शंका आली म्हणून खूण करत गेले तर शेवटी दहा खुणा आणि दोन मिनिटे हातात उरतात. माझ्या मते खूण दोनच प्रकारच्या प्रश्नांवर करावी. एक म्हणजे रीत माहीत आहे पण आकडेमोड लांबते आहे असा प्रश्न, आणि दुसरा म्हणजे दोन पर्यायांपर्यंत येऊन अडकलेला प्रश्न. ज्याची दिशाच सापडत नाही, त्यावर अंदाजाने उत्तर टाकून कायमचा निरोप घ्यावा. विभाग अपुरा राहिला तर न सोडवलेल्या प्रश्नांमुळे गुण कमी होतात, त्यामुळे एका हट्टी प्रश्नापायी शेवटचे तीन प्रश्न गमावण्याचा सौदा कधीच परवडत नाही.

प्रश्न अवघड येऊ लागले म्हणजे आपले बरे चालले आहे आणि सोपा आला म्हणजे मागचा चुकला, असा हिशेब अनेकजण परीक्षा चालू असतानाच मांडत बसतात. तो व्यर्थ असतो, कारण आपल्याला सोपा वाटलेला प्रश्न परीक्षेच्या लेखी सोपा असतोच असे नाही.

डेटा इनसाइट्स हा विभाग मला सर्वांत रंजक वाटला आणि तयारीत सर्वाधिक वेळ त्यालाच द्यावा असे मी म्हणेन. त्यात तक्ते, आलेख आणि दोन-तीन टॅबमध्ये विखुरलेली माहिती असते. एका प्रश्नाचे दोन-तीन भाग असतील तर सगळे भाग बरोबर आल्याशिवाय गुण मिळत नाहीत. पडद्यावरचा कॅल्क्युलेटर फक्त याच विभागात मिळतो; क्वांटमध्ये नाही. पूर्वी क्वांटमध्ये असणारे डेटा सफिशियन्सीचे प्रश्नही आता इथे आले आहेत. या प्रकारात उत्तर काढायचे नसते, तर दिलेली माहिती उत्तरासाठी पुरेशी आहे की नाही एवढेच सांगायचे असते. उदाहरणादाखल मी रचलेला एक प्रश्न पाहू. अ आणि ब या पूर्णांक संख्या आहेत. अ ही ब पेक्षा मोठी आहे का? पहिले विधान असे की अ चा वर्ग ब च्या वर्गापेक्षा मोठा आहे. दुसरे विधान असे की अ धन आहे. पहिले विधान वाचताच ‘हो’ म्हणावेसे वाटते, पण अ उणे ३ आणि ब २ असेल तर वर्ग ९ आणि ४ येतात, विधान खरे ठरते आणि तरीही अ लहानच राहते. म्हणजे पहिले विधान एकटे पुरत नाही. दुसरे एकटे तर ब बद्दल काहीच सांगत नाही. दोन्ही एकत्र घेतली की मात्र अ धन आहे आणि शून्यापासूनचे तिचे अंतर ब पेक्षा जास्त आहे, त्यामुळे ती मोठी असणारच. इथे कागदभर आकडेमोड लागली नाही. ऋण संख्या आठवली म्हणून काम झाले. अशा प्रश्नांसाठी शून्य, एक, ऋण संख्या आणि अपूर्णांक यांची फेरी मनातल्या मनात मारण्याची सवय सरावाच्या पहिल्या आठवड्यापासूनच लावून घ्यावी.

व्हर्बलमध्ये आता उतारे आणि क्रिटिकल रीझनिंग, म्हणजे छोट्या युक्तिवादांची तपासणी, एवढेच उरले आहे. क्रिटिकल रीझनिंगमध्ये पर्याय वाचण्यापूर्वी युक्तिवादातली फट शोधावी, हा सल्ला सगळेच देतात आणि तो योग्यच आहे. एखाद्या कंपनीने घरून काम करण्याची मुभा दिली, त्याच वर्षी नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण घटले, म्हणून मुभेमुळेच लोक टिकले, असे म्हटलेले असेल तर फट ‘म्हणून’ या शब्दापाशी असते. त्या वर्षी बाजारात नोकऱ्याच कमी होत्या असे सांगणारा पर्याय दिसला की तो युक्तिवाद कमकुवत करतो हे लगेच कळते. पण फट आधी शोधलेली नसेल, तर पाचही पर्याय सारखेच पटण्याजोगे वाटतात.

सराव परीक्षांच्या बाबतीत मी थोडा कर्मठ आहे. परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या अधिकृत सहा सराव परीक्षा आहेत आणि त्यांपैकी दोन विनामूल्य मिळतात. या परीक्षांचे प्रश्न आणि गुण खऱ्या परीक्षेच्या सर्वांत जवळचे असतात, म्हणून त्या सुरुवातीलाच उधळू नयेत. पातळी कळावी म्हणून एक आधी द्यावी आणि बाकीच्या अभ्यास बराचसा झाल्यावर, अंतर ठेवून द्याव्यात. प्रत्येक परीक्षेनंतर चुकांची वही भरावी, पण त्या वहीत ‘गणित चुकले’ असे लिहून काही उपयोग नाही. प्रश्न समजला नव्हता, रीत सुचली नाही, रीत बरोबर पण आकडेमोड घसरली, की वेळ संपत आल्याच्या भीतीने घाईत उत्तर दिले, यांपैकी काय झाले ते नेमके लिहावे. बरोबर आलेल्या पण साडेतीन मिनिटे खाल्लेल्या प्रश्नांचीही नोंद तिथेच हवी, कारण त्या प्रश्नाची किंमत पुढच्या एखाद्या प्रश्नाने मोजलेली असते.

आता घरून परीक्षा देण्याबद्दल. पहिली मोठी अडचण कच्च्या कामाची असते. कागद आणि पेन चालत नाहीत. पडद्यावर माउसने लिहायची एक पाटी मिळते, पण तिच्यावर समीकरण मांडायला जितका वेळ लागतो तितक्यात ते तोंडी सुटते. ऑनलाइन परीक्षा सुरू झाली तेव्हा तेवढीच सोय होती आणि त्यावर बरीच ओरड झाल्यावर जून २०२० मध्ये खरा पांढरा फळा वापरण्याची परवानगी मिळाली. फळ्याच्या आकाराला मर्यादा आहे, ती नियमावलीत पाहूनच तो विकत घ्यावा आणि मग सगळा सराव त्यावरच करावा. मार्करचे अक्षर जाड येते, जागा लवकर भरते, हाताच्या कडेने आधीचे लिहिलेले पुसले जाते, आणि ऐन आकडेमोडीत फळा पुसायला घेतला तर विचारांची साखळी तुटते. मी फळ्यावर उभी रेघ मारून दोन भाग करत असे, एका भागात चालू प्रश्न आणि दुसऱ्यात आधीचा, म्हणजे पुसायचे ते नेहमी शिळेच असे. परीक्षेआधी फळ्याच्या दोन्ही बाजू कोऱ्या असल्याचे कॅमेऱ्यासमोर दाखवावे लागते, त्यामुळे सूत्रे आधीच लिहून ठेवण्याचा प्रश्नच येत नाही.

दुसरी अडचण तोंडाची आहे. पाढे म्हणत गुणाकार करणाऱ्या किंवा उतारा ओठांत वाचणाऱ्या माणसाला ही परीक्षा कठीण जाते, कारण पुटपुटणे निषिद्ध असते. विचार करताना मी हनुवटीवर ठेवलेला हात तोंडापर्यंत गेला, तर तेवढ्यावर पर्यवेक्षकाचा संदेश पडद्यावर उमटला की चेहरा झाकू नये. यात त्यांचे काही चुकले नाही, नियम तोच आहे. पण लक्ष विचलित झालेच. म्हणून शेवटच्या काही सराव परीक्षा तरी कॅमेरा चालू ठेवून, ओठ मिटून आणि खुर्चीवरून न उठता द्याव्यात.

खोलीची तयारी फारशी अवघड नाही. टेबल मोकळे हवे, दुसरा मॉनिटर नको, कुणी आत येता कामा नये, आणि फोन फक्त ओळखपत्राची, स्वतःची व खोलीच्या चारही बाजूंची छायाचित्रे काढण्यापुरता वापरून हाताबाहेर ठेवायचा. कोणते ओळखपत्र चालते हे देशानुसार बदलते आणि त्यावरचे नाव नोंदणीतील नावाशी तंतोतंत जुळावे लागते. कार्यालयाने दिलेल्या लॅपटॉपवर ही परीक्षा देण्याचे धाडस मात्र करू नये, कारण त्यातील सुरक्षा प्रणाली परीक्षेचे सॉफ्टवेअर अडवू शकते. संगणकाची चाचणी त्याच जागी, त्याच जोडणीवर आणि परीक्षेच्याच वेळी करून पाहावी, कारण सकाळी सुरळीत चालणारे इंटरनेट संध्याकाळी घरातले सगळे ऑनलाइन आले की तसेच चालेल याचा भरवसा नसतो.

विभागांच्या क्रमाबद्दल ठाम नियम नाही. मी डेटा इनसाइट्स मधे ठेवले, कारण त्याला ताजे डोके लागते, पण अगदी पहिल्याच मिनिटाला तीन टॅब उघडून बसण्याची माझी तयारी नव्हती. सुटी मी दुसऱ्या विभागानंतर घेतली. परतल्यावर पर्यवेक्षकाची तपासणी पुन्हा होते, त्यामुळे दहा मिनिटे हातात आहेत असे न मानता त्यातली सहा-सातच आपली धरावीत.

परीक्षा संपताच पडद्यावर अनधिकृत गुण दिसतात आणि अधिकृत निकाल काही दिवसांत येतो. गुण कळल्यानंतर ४८ तासांत पाच अभ्यासक्रमांना ते विनामूल्य पाठवता येतात. पूर्वी ही निवड परीक्षेआधी, गुण माहीत नसताना करावी लागे, त्या मानाने आताची पद्धत कितीतरी न्याय्य आहे. शिवाय आपण जे गुण पाठवतो तेवढेच संस्थेला दिसतात. गुण पाच वर्षे ग्राह्य राहतात, आणि समाधान झाले नाही तर किमान १६ दिवसांच्या अंतराने, बारा महिन्यांत जास्तीत जास्त पाच वेळा परीक्षा देता येते. पुन्हा बसायचे की नाही हे ठरवण्यापूर्वी विभागवार गुण आणि कोणत्या प्रश्नांवर किती वेळ गेला याचा अहवाल नीट पाहावा. तिन्ही विभाग सारखेच खाली असतील तर सोळा दिवसांत फारसा फरक पडणार नाही, पण एकच विभाग बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे मागे पडला असेल आणि अहवालात वेळ दोन-तीन प्रश्नांतच अडकलेला दिसत असेल, तर पुढची तारीख लवकरची घ्यायला हरकत नाही.