पाळकसाहेबांचा सोमवार

रविवारी सगळ्यांना सुट्टी आणि पाळकाला, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूला, काम, म्हणून त्याची सुट्टी सोमवारी. निदान नियम तरी असा आहे. प्रत्यक्षात सोमवारी सकाळी चर्चच्या मंडळीतल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतोच, ‘सलाम पाळकसाहेब, आज सुट्टी ना तुमची? म्हणजे घरीच असाल. येतो जरा.’ मी पाळकाच्या घरात वाढले. ‘येतो जरा’ म्हणून आलेला माणूस आमच्याकडून जेवल्याशिवाय गेलाय, असं फारसं झालं नाही. बाबांच्या सुट्टीच्या दिवशी आई कणीक नेहमीपेक्षा जास्त भिजवायची.

बाबांकडे कुठल्याशा बँकेने फुकट दिलेली डायरी असे. डाव्या पानावर रविवारच्या संदेशाचे मुद्दे आणि गीतांचे क्रमांक, उजव्या पानावर भेटीगाठी: दवाखान्यातले आजारी, बाप्तिस्म्याची तयारी, बुधवारची प्रार्थनासभा, चर्चच्या पंचांची बैठक. सगळं शिसपेन्सिलीने लिहिलेलं. शाईने लिहायचं धाडस त्यांनी केलं नाही, कारण मयत काही डायरी बघून होत नाही. वर्षअखेरीला त्या डायरीची पानं खोडून खोडून मऊ पडलेली असत.

माझा धाकटा भाऊही पाळक झाला. त्याच्या मोबाइलमध्ये रंगीत कॅलेंडर आहे. प्रार्थना हिरवी, भेटी निळ्या, बैठका लाल. आणि त्याच्या तक्रारीप्रमाणे आठवड्याचा रंग एकंदरीत लालच. हल्ली पाळकांसाठी वेळेच्या नियोजनाची शिबिरं भरतात, तिथून तो वही भरून आणतो. त्या वहीत दोन नावं हमखास असतात: विल्यम कॅरी आणि इथ्रो.

कॅरी म्हणजे श्रीरामपूरचे मिशनरी. बंगालातल्या श्रीरामपूरचे, आपल्या नगर जिल्ह्यातल्या नव्हे. पण आपलाही त्यांच्याशी संबंध आहेच. इंग्लंडात चपला-बूट शिवणारा हा माणूस इथे येऊन कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली, संस्कृतबरोबर मराठीही शिकवायला लागला. त्यांचं मराठी व्याकरण १८०५मध्ये छापलं गेलं, कोश १८१०मध्ये. जून १८०६मधल्या एका पत्रात त्यांनी आपला एक दिवस लिहून ठेवलाय. पहाटे पावणेसहाला उठून हिब्रू बायबलचा अध्याय आणि प्रार्थना. मग नोकरचाकरांसह बंगालीतून कौटुंबिक उपासना. चहा ओतला जाईतो मुनशीबरोबर फारसी. न्याहारीनंतर पंडिताबरोबर रामायणाचं भाषांतर, दहा वाजता कॉलेज, परत आल्यावर मुद्रितं, दुपारी मत्तयाचं शुभवर्तमान संस्कृतात, संध्याकाळी तेलुगू, साडेसातला प्रवचन, अकरापर्यंत बायबलातलं यहेज्केलाचं पुस्तक बंगालीत. एवढं झाल्यावर पत्र लिहायला बसले आणि झोपण्याआधी ग्रीक नव्या करारातला एक अध्याय!

शिबिरात हे वाचून दाखवलं की समोरचे पाळक मान खाली घालतात म्हणे. माझ्या मनात मात्र डोरोथी येते. कॅरींची बायको. १७९३मध्ये मनाविरुद्ध बोटीत बसली, पुढच्याच वर्षी पाच वर्षांचा पीटर गेला, आणि तिचं मन जे बिघडलं ते सावरलंच नाही. ते पत्र लिहिलं गेलं तेव्हा ती जिवंत होती; डिसेंबर १८०७मध्ये वारली. दिवसाच्या त्या काटेकोर हिशेबात ती मला कुठे सापडत नाही. कॅरींना दोष द्यायला मी कोण? मराठी गद्य छापलं जाऊ लागलं त्यात त्यांचा हात आहे, हे मी विसरत नाही. पण पाळकाची मुलगी ते वेळापत्रक वाचते तेव्हा तिला आधी वाचू येते ती त्यातली गाळलेली जागा.

इथ्रोचं उलट आहे. बायबलातल्या निर्गमाच्या अठराव्या अध्यायात इस्राएली लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे सोडवत बसलाय आणि त्याचा सासरा इथ्रो म्हणतो, हे काही बरं नाही, तूही थकशील आणि हे लोकही थकतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. शिबिरवाले इथूनच सुरुवात करतात आणि फळ्यावर त्रिकोण काढतात. पण अध्याय तिथे सुरूच होत नाही. इथ्रो मुळात आलाय तो आपल्या लेकीला, सिप्पोराला, आणि दोन नातवंडांना घेऊन. मोशेने त्यांना माहेरी धाडलं होतं. सासरा त्यांना रानातून त्याच्याकडे आणून सोडतो आणि दुसऱ्याच दिवशी बघतो तर जावई दिवसभर घरात नाही! कुठलाही मुलीचा बाप जे बोलेल तेच तो बोलला. त्रिकोण काढणाऱ्यांना सिप्पोरा दिसत नाही. माझ्या आईला ती पहिल्या वाचनात दिसली असणार, असं मला नेहमी वाटतं.

नव्वदावं स्तोत्र मोशेच्याच नावावर आहे, तेच, आमचे दिवस गणायला आम्हांला शिकव असं मागणारं. ही प्रार्थना सासरा येऊन गेल्यानंतरची असेल तर मला नवल वाटणार नाही.

भाऊ यावर मला बायबलातली याईराची गोष्ट ऐकवतो. याईराची मुलगी मरणाला टेकलेली, येशू तिच्याकडे निघालेला, आणि वाटेत बारा वर्षं आजारी असलेली बाई त्याच्या वस्त्राला शिवते. तो थांबतो. गर्दीत विचारत बसतो, कोण शिवलं मला? तेवढ्यात मुलगी गेल्याचा निरोप येतो. कुठल्याही नियोजनात हे बसत नाही. ‘मग सोमवारी आलेल्याला मी दारातून कसा परतवू?’ असं तो विचारतो. प्रश्न बिनतोड आहे. फक्त त्याची बायको तेव्हा स्वयंपाकघरात होती आणि भांडी जरा जोरात वाजत होती.

शेवटी पंचांनीच इथ्रोचं मनावर घेतलं. वाड्या-वस्त्या वाटून घेतल्या. घरभेटी ‘वडिलां’नी, म्हणजे चर्चमधल्या जबाबदार ज्येष्ठांनी, करायच्या, पाळकांनी अडीअडचणीला. तीन वडील आमच्या गल्लीतल्या एका आजींकडे गेले. गुडघेदुखीची चौकशी केली, स्तोत्र वाचलं, मनापासून प्रार्थना केली. आजींनी आमेन म्हटलं, चहा दिला, बिस्किटं दिली, कप उचलले आणि विचारलं, ‘बरं, पाळकसाहेब कधी येतायत? सोमवारी मोकळेच असतात ना ते?’