दोघांत एक पेटी

सोलापूरच्या पूर्व भागात पहिलीचा वर्ग घ्यायचा म्हणजे एका खोलीत तीन-चार भाषा सांभाळायच्या. आमची शाळा मराठी माध्यमाची, पण घरी कुणी तेलुगू बोलतं, कुणी कन्नड, कुणी दखनी उर्दू. वडील यंत्रमागावर किंवा टॉवेलच्या कारखान्यात, आई घरी विड्या वळणारी, अशी घरं जास्त. जूनमध्ये अशी चाळीसेक मुलं समोर बसतात तेव्हा निम्मी गप्प असतात. त्यांना काही येत नाही, असं मला कधीच वाटलं नाही. ती गप्प असतात, कारण बोलायला अजून कुणी मिळालेलं नसतं.

गेल्या वर्षी पहिली माझ्याकडे आली, तेव्हा गणित हाताने करूनच शिकवायचं असं मी ठरवलं. मैत्रीचा विचार त्या वेळी डोक्यात नव्हता. ती काड्या आणि सुतातून आली, म्हणून हे लिहिते आहे. मुलं लहान आहेत, त्यांची नावं देणार नाही.

पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी-कोसबाडला बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, दगड असं आजूबाजूला मिळेल ते घेऊन मुलांना शिकवलं. आमच्याकडे समुद्र नाही, पण सूत आहे. एका पालकांनी कारखान्यातलं वाया गेलेलं सूत पिशवी भरून आणून दिलं. खराटे सोडवून काड्या कापल्या आणि त्यांची टोकं मुलांनीच फरशीवर घासून बोथट केली. चिंचोके, बाटल्यांची टोपणं आणि मिठाईचे रिकामे डबे मुलांनी घरून आणले. प्रत्येक डब्यात शंभर काड्या, सुताचे तुकडे, मूठभर चिंचोके. या डब्याला आमच्या वर्गात पेटी म्हणू लागले.

प्रत्येक मुलाला स्वतंत्र पेटी मिळावी असं कुणालाही वाटेल. मी मुद्दाम दोघांत एक दिली. चौघांत एक दिली तर एकच मूल काम करतं आणि बाकीचे हिसकाहिसकी करतात. एकेकाला दिली तर प्रत्येक जण आपल्या पेटीत डोकं घालून बसतो. सहा वर्षांच्या मुलाला एका वेळी एकच माणूस सांभाळता येतो, त्यामुळे दोन हा आकडा बरोबर बसतो.

काम साधं होतं. दहा काड्या मोजायच्या आणि सुताने बांधून गठ्ठा करायचा. गठ्ठा म्हणजे दशक, उरलेल्या काड्या सुट्ट्या. रबर बँड घ्या, असं आमच्या एका सहकारी बाईंनी सुचवलं. काम त्याने लवकर झालं असतं, पण मला सूतच हवं होतं. दहा काड्यांभोवती सूत गुंडाळून गाठ मारणं पहिलीतल्या मुलाला एकट्याने जमत नाही. काड्या सटकतात, पहिली गाठ सैल पडते. कुणीतरी काड्या धराव्या लागतात आणि गाठीवर बोट ठेवावं लागतं. पहिल्या आठवड्यात वर्गात एकच आवाज ऐकू यायचा, "धर की बे नीट!" मग हळूहळू न सांगता बोट बरोबर जागेवर येऊ लागलं.

दुसऱ्याच्या हाताकडे लक्ष गेलं की चूकही दिसते. एकाने गठ्ठा पुढे केला की दुसरा मोजून बघायचा. "नऊच हायत की यात!" मी तपासून लाल शाईची फुली मारण्यापेक्षा हे किती बरं! जोडीदाराने सांगितलेली चूक मुलं लगेच सोडवून पुन्हा बांधत. गाल फुगवून बसणारी मुलंही बांधत.

जोड्या मी तीन आठवडे बदलत नसे. रोज नवा जोडीदार दिला तर रोज नव्याने लाजायचं, आणि वर्षभर एकच ठेवला तर बाकीचा वर्ग परका राहतो. बस्करपट्टीवर मुलं एका रांगेत आणि मुली दुसऱ्या रांगेत बसायच्या. पेट्यांच्या वेळी मी ती रांग मोडायची. सुरुवातीला कुरबुर झाली. दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलं आपणहूनच मिसळून बसू लागली होती.

आता त्या मुलीबद्दल लिहिते, जिच्यामुळे मला हे सगळं नीट समजलं. घरी तेलुगू. शाळेत हजेरीला 'हजर' म्हणायची, तेवढाच तिचा आवाज. तिच्या जोडीला एक बडबड्या मुलगा दिला, त्याला मराठीत शंभरपर्यंत अंक घडाघडा पाठ. मी "त्रेचाळीस दाखवा" म्हटलं की तो पटकन तीन गठ्ठे उचलायचा आणि चार सुट्ट्या काड्या. त्याने ऐकलं तसंच केलं होतं. मराठीत तीन आधी ऐकू येतो आणि चाळीस नंतर. तेलुगूत मात्र 'नलभै मूडु', आधी चाळीस, मग तीन. कन्नडमध्येही दशक आधीच. ही मुलगी आईच्या शेजारी बसून विड्या मोजताना तेलुगूत मोजायला शिकलेली. तिने न बोलता त्याच्या हातातले तीन गठ्ठे काढून घेतले, चार ठेवले आणि बाजूला तीन काड्या मांडल्या. तो म्हणाला, "असं का?" तिने गठ्ठ्यांवर हात ठेवून सांगितलं, "हे चाळीस." मग काड्यांवर, "हे तीन." माझ्या वर्गात ऐकलेलं तिचं हे पहिलं पूर्ण वाक्य.

2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीने 'वीस एक' असं वाचन आलं, तेव्हा राज्यभर केवढा वाद झाला होता. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी मुलांना संख्या समजणं सोपं जावं हे त्यामागचं कारण सांगितलं होतं, तरी त्यांच्यावर टीका झाली. मी स्वतः 'त्रेचाळीस'च शिकवते आणि शिकवत राहीन, तो आपला शब्द आहे. पण गठ्ठे हातात असताना 'चाळीस आणि तीन' असं मुलांना म्हणू द्यावं, हे मला पटलं आहे. बडबड्या मुलगा आठवडाभर तिला विचारत होता, "तुझ्याकडे कसं म्हणतात सांग की." मग निम्मा वर्ग तेलुगूत मोजू लागला आणि ती मुलगी त्यांना दुरुस्त करू लागली. डबा खायला ते दोघं शेजारी बसू लागले ते तेव्हापासून. तिच्या डब्यातली शेंगा चटणी त्याच्या भाकरीवर जायची.

सगळं असं सुरळीत झालं नाही. पालकांच्या बैठकीत एक आई थेट म्हणाल्या, "मॅडम, वहीत काहीच नाही की ओ. पोरगी दिवसभर काड्याच बांधायलीय म्हणती." त्यांची काळजी खरी होती. रोजच्या मजुरीतून वही-पेन्सिल आणायची, तर वही भरलेली दिसायला हवीच. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात 3 ते 8 वर्षं हा पायाभूत स्तर मानला आहे, पहिली-दुसरी त्यात येते आणि त्या वयात खेळातून, कृतीतून शिकवायचं असतं, हे मी त्यांना सांगितलं. धोरणाचा फारसा उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो त्यांना पेटी उघडून बसवण्याचा. त्यांच्या मुलीने समोर बसून पासष्ट मांडले, त्यातून अठ्ठावीस काढले, त्यासाठी एक गठ्ठा सोडला आणि उरलेले सदतीस मोजून दाखवले. विडीची मजुरी हजार विड्यांमागे मिळते, त्यामुळे मोजण्यात ही बाई कुणाला ऐकणारी नव्हती. तिने स्वतः पुन्हा मोजलं. नंतर म्हणाली, "मग हे वहीत पण लिवून घ्या." ते मला मान्य होतं. पुढे प्रत्येक मांडणीनंतर दोघं मिळून वहीत गठ्ठ्यांचं चित्र काढून शेजारी आकडा लिहू लागले.

एक जोडी जमलीच नाही. दोघंही हुशार, दोघांनाही गाठ आपणच मारायची. रोज सूत तुटायचं, चिमटे, रडारड. समजावलं, पाळ्या लावल्या, पण काही झालं नाही. त्यांना वेगळं केलं आणि दोघांनाही शांत जोडीदार दिले. वर्षाच्या शेवटीही ते एकमेकांचे मित्र नव्हते, पण भांडतही नव्हते. प्रत्येकाची प्रत्येकाशी मैत्री व्हावी असा आग्रह धरू नये, असं माझं मत आहे.

जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा आली. सुट्टी संपवून मुलं परतली ती गड्डा, म्हणजे यात्रेतली दुकानं-पाळण्यांची जत्रा, डोक्यात घेऊनच. मग आठवडाभर वर्गातच गड्डा भरवला. टोपणांची नाणी, काड्यांच्या गठ्ठ्याला दहा रुपये, सुट्ट्या काडीला एक. पुठ्ठ्याचा पाळणा, कागदाच्या बांगड्या, चिंचोक्यांची भेळ. "बारा रुपयांची भेळ, वीस दिले, किती परत?" हा हिशेब पुस्तकातून शिकवताना घाम फुटतो. इथे दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघंही डोळ्यांत तेल घालून मोजत होते. मधल्या सुट्टीत मुलांनी फूटपट्ट्या उभ्या धरून यात्रेच्या मिरवणुकीतल्या उंच काठ्या, म्हणजे सात नंदीध्वजही काढले. एक जण तोल सांभाळत चालायचा आणि बाकीचे हात वर करून भोवती, पडू लागला की धरायला. हे त्यांना मी शिकवलेलं नाही, मिरवणुकीत पाहिलेलं होतं. मी फक्त वाट मोकळी करून दिली.

एप्रिलमध्ये वर्षअखेरची चाचणी झाली. बहुतेकांना दोन अंकी संख्या मांडता, वाचता, लिहिता येत होत्या. काहींचं अजून उलटसुलट होत होतं, त्यांच्यासोबत शेवटच्या आठवड्यांत पुन्हा काड्या घेऊन बसले. बोलत नाही अशी मुलं वर्गात उरली नव्हती, उलट त्यांना गप्प करावं लागत होतं.

कुणाला हे करून बघायचं असेल तर दोन गोष्टी सांगते. पेट्या जूनमध्ये काढू नका. पहिला महिना गाणी, गोष्टी, मातीकाम यात जाऊ द्या, जुलैच्या मध्यापासून सुरू करा. आणि सूत जरा जाड घ्या, टॉवेलचं बारीक सूत लहान बोटांत गुंततं. वर्गाच्या पेट्या मुलांबरोबर दुसरीत गेल्या आहेत, तिथल्या बाईंनी हातच्याच्या वजाबाकीसाठी मागून घेतल्या. माझ्या नव्या पहिलीसाठी खराटे आणायचे आहेत.