आर्द्रतामापक, युरियाचे मलम आणि लोकरीचे मोजे : परदेशातील हिवाळ्यात उपयोगी पडलेली खरेदी

थंड देशातील हिवाळा म्हटला की मायदेशी असलेल्यांच्या डोळ्यांसमोर बर्फ आणि जाड कोट उभे राहतात, आणि इकडे येणाऱ्याला मिळणारे सल्लेही बहुतेक बाहेरच्या थंडीपुरतेच असतात. मलाही तसेच सल्ले मिळाले होते आणि कोट, टोपी, हातमोजे यांची तयारी चोख होती. प्रत्यक्षात मात्र हिवाळ्याचा बराचसा काळ बंद खिडक्यांच्या, हीटरने तापवलेल्या खोलीत जातो, आणि मला खरा त्रास झाला तो त्या खोलीतील कोरड्या हवेचा. ओठ फुटले, टाचांना भेगा पडल्या, एका पहाटे घोळणा फुटून उशीच्या अभ्र्यावर रक्त सांडले आणि दाराच्या मुठीला हात लावला की बारीक झटका बसू लागला. या सगळ्या तक्रारींचे मूळ एकच आहे, हे ज्या वस्तूमुळे मला कळले, ती यंदाची माझी सर्वांत आवडती खरेदी आहे : तळहातावर मावेल एवढा हायग्रोमीटर, म्हणजेच आर्द्रतामापक.

थंड हवेत बाष्प फार थोडे मावते. शून्य अंश सेल्सियसची हवा बाष्पाने पूर्ण भरलेली असली, तरी तिच्या एका घनमीटरमध्ये साधारण 5 ग्रॅमच पाणी असते. तीच हवा घरात येऊन 21 अंशांपर्यंत तापली, की तिच्यात 18 ग्रॅम पाणी मावू शकते. पण पाणी तर तेवढेच राहते, आणि म्हणून सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवेत मावू शकणाऱ्या बाष्पापैकी प्रत्यक्ष असलेल्या बाष्पाचे प्रमाण, 26 ते 27 टक्क्यांवर उतरते. बाहेर उणे 10 अंश असतील, तर हाच आकडा 13 टक्क्यांच्या आसपास येतो. अशी हवा आपल्या त्वचेतले, ओठांतले आणि नाकाच्या आतील नाजूक अस्तरातले पाणी सतत शोषून घेत राहते. मापक पहिल्यांदा उशाशी ठेवला, तेव्हा त्याच्या पडद्यावर 22 हा आकडा होता.

खरे तर त्याच्याही आधी मी खोलीतील आर्द्रता वाढवणारे यंत्र विकत घेतले होते, आणि हा क्रम उलटा असायला हवा होता असे मी आता आग्रहाने सांगेन. ते यंत्र अतिसूक्ष्म कंपनांनी पाण्याचे तुषार उडवणारे होते. नळाच्या पाण्यातील क्षार त्या तुषारांबरोबर खोलीभर पसरून टेबलावर आणि पुस्तकांवर पांढरी भुकटी साचू लागली. शिवाय आर्द्रता किती झाली हे समजण्याचे काहीच साधन नसल्यामुळे यंत्र रात्रभर चालू राही. मग सकाळी खिडकीच्या काचांवरून पाण्याचे ओघळ वाहत आणि दोन-तीन आठवड्यांत चौकटीच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरली. आता मी यंत्रात ऊर्ध्वपातित, म्हणजे वाफ करून पुन्हा थंड केलेले क्षारविरहित पाणी वापरते, टाकी रोज रिकामी करून विसळते आणि आकडा 40 ते 45 च्या दरम्यान आला की यंत्र बंद करते. फार थंडीच्या दिवसांत काचेवर पाणी जमू लागले, तर त्याहूनही थोडे खाली समाधान मानावे लागते. ज्यांना यंत्राची एवढी देखभाल जमणार नाही, त्यांनी ओल्या वातीवरून वारा सोडणारे यंत्र पाहावे. त्यात क्षार वातीतच राहतात, पण वात मात्र ठरावीक काळाने बदलावी लागते.

स्वस्त आर्द्रतामापक चार-पाच टक्क्यांनी चुकू शकतो. त्याची परीक्षा घरच्या घरी करता येते आणि ती मला फार आवडली. एका लहानशा झाकणात मीठ घ्यावे, त्यावर थेंब थेंब पाणी टाकून ते ओल्या वाळूसारखे होईल एवढेच भिजवावे, विरघळू देऊ नये. मग ते झाकण आणि मापक दोन्ही एका हवाबंद डब्यात, एकमेकांना न चिकटता, रात्रभर ठेवावेत. ओल्या मिठावरील बंद हवेची आर्द्रता नेहमीच्या तापमानात 75 टक्क्यांवर स्थिरावते. माझ्या मापकाने सकाळी 71 दाखवले, तेव्हापासून मी त्याच्या आकड्यात 4 मिळवून वाचते.

हवा सुधारली तरी आधीच फाटलेल्या टाचांना वेगळा उपाय हवा होता. सुगंधी लोशनच्या दोन बाटल्या संपवूनही काही फरक पडला नाही. उपयोग झाला तो 10 टक्के युरिया असलेल्या, कोणताही सुगंध नसलेल्या मलमाचा. युरिया पाणी धरून ठेवतो आणि कडक झालेली त्वचा मऊ करतो. मात्र उघड्या भेगेवर तो चांगलाच झोंबतो, म्हणून भेग भरून येईपर्यंत तिथे साधी पेट्रोलियम जेली लावावी. ही जेली पाणी देत नाही, असलेले पाणी उडून जाऊ देत नाही, आणि म्हणून ती आंघोळीनंतर अंग टिपताच, त्वचा जराशी ओलसर असतानाच लावण्यात तिचा सगळा गुण आहे. रॉबर्ट चेसब्रो यांनी 1872 साली पेटंट घेतलेल्या या पदार्थाला ओठांसाठीही अजून पर्याय शोधावासा मला वाटला नाही.

तिसरी शिफारस मेरिनो जातीच्या मेंढ्यांच्या लोकरीच्या मोज्यांची. लोकर टोचते, असा माझा लहानपणापासूनचा समज होता, पण टोचणे हे तंतूच्या जाडीवर अवलंबून असते आणि चांगल्या मेरिनोचा तंतू 20 मायक्रॉनहूनही (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक असतो. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश बाष्प आत घेऊनही हाताला ओली लागत नाही, त्यामुळे बंद बुटात दिवसभर पाय कोरडे आणि उबदार राहतात. मी तीन जोड घेतले आणि पूर्वीचे सुती मोजे उन्हाळ्यासाठी बाजूला ठेवले. लेबलावर लोकरीचे प्रमाण अवश्य वाचावे. नावात मेरिनो असूनही आत तिचा अंश अगदी थोडा असलेले मोजे मला दुकानात पुष्कळ दिसले. टाच आणि चवडा यांना बळकटी यावी म्हणून थोडे नायलॉन असणे मात्र चांगलेच.

गरम पाण्यात घुसळल्यास लोकरीचे तंतू एकमेकांत गुंतून मोजा आकसतो, म्हणून ते मी उलटे करून गार पाण्यात हलक्या हाताने धुते आणि हीटरवर न टाकता शयनगृहातील दोरीवर वाळत घालते. हिवाळ्यात इतर धुणेही मी आता तिथेच घालते. सकाळपर्यंत सगळे खडखडीत वाळलेले असते, आणि त्या रात्री यंत्र लावावे लागत नाही.