आमची वाटचाल : नंबर विकत होतो, कुलूप नव्हे

आमचा धंदा आरएफआयडीचा, म्हणजे रीडरजवळ नेलं की दार उघडणाऱ्या, हजेरी लावणाऱ्या बिनतारी कार्डांचा. सुरुवात सव्वाशे किलोहर्ट्झवर झाली. त्या काळी या धंद्यात पडलेल्या प्रत्येकाची तिथेच झाली. ६४ बिटांचं कार्ड, त्यातला कामाचा नंबर ४० बिटांचा, बाकी हेडर (सुरुवातीची खूण) आणि पॅरिटी (वाचताना झालेली चूक पकडणारे बिट). रीडरजवळ नेलं की कार्ड आपला नंबर बडबडतं. कोणी विचारलं, का विचारलं, त्याला देणंघेणं नाही. दार उघडतं, ग्राहक खूष, हजेरी आपोआप लागते.

आम्ही दोघं होतो. मी ऑर्डर आणायचो, भागीदार अँटेनाची कॉइल गुंडाळायचा. बाजारातल्या तयार अँटेना त्याला कधी पटल्या नाहीत. चिपची कपॅसिटन्स ५० पिकोफॅरड असेल तर १३.५६ मेगाहर्ट्झला (दुसऱ्या, वरच्या फ्रिक्वेन्सीच्या कार्डांना) कॉइल पावणेतीन मायक्रोहेन्रीच्या आसपास हवी, हे गणित तो तोंडी करायचा आणि मग कॉइल मोजणाऱ्या एलसीआर मीटरवर ताडून पाहायचा. रीडर लोखंडी चौकटीवर बसवला की इंडक्टन्स घटतो, ट्यूनिंग वर सरकतं, आणि काल टेबलावर उत्तम चाललेला रीडर आज दारावर मुका होतो. नवशिके अशा वेळी रीडर बदलतात. तो मागे फेराइटची (चुंबकीय सिरॅमिकची) चकती लावायचा, दोन वेटोळी कमी-जास्त करायचा आणि चहा मागायचा. तो मीटर अजून माझ्या टेबलावर आहे. प्रोब दोनदा बदलले, मीटर तोच.

डिसेंबर २००७ मध्ये बर्लिनच्या एका हॅकर परिषदेत मायफेअर क्लासिक या १३.५६ च्या कार्डाच्या चिपचे थर खरवडून आतली क्रिप्टो-१ ही गुप्त सांकेतिक पद्धत उघडी केल्याचं सादरीकरण झालं. तिची की, म्हणजे गुप्त किल्ली, फक्त ४८ बिटांची. पुढच्या वर्षी नेदरलँड्समधल्या नाईमेखनच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी पूर्ण हल्ला मांडला. चिप बनवणारी कंपनी तो रोखायला कोर्टात गेली, आणि जुलै २००८ मध्ये कोर्टाने प्रसिद्धीला परवानगी दिली. भागीदाराने ते सगळं वाचलं आणि मला म्हणाला, "अरे, त्यांच्याकडे निदान तोडायला काहीतरी होतं. आपल्या कार्डात तर तेही नाही. आपण कुलूप विकत नाही, नंबर विकतोय." मी म्हणालो, ग्राहकाला स्वस्त हवंय. हे माझं वाक्य मला फार महागात पडलं.

मधली वर्षं बरी गेली, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

मग ती बैठक. आमच्या सगळ्यात मोठ्या ग्राहकाकडे एक प्रतिस्पर्धी आला. नाव लिहीत नाही, या धंद्यातल्यांना कळेल. त्याने सुरक्षारक्षकाच्या गळ्यातलं कार्ड मागून घेतलं, हातातल्या कॉपी करणाऱ्या यंत्राला लावलं, एक बीप, मग कोऱ्या कार्डावर दुसरा बीप. ते कोरं कार्ड घेऊन तो उठला आणि आमचं दार उघडून बाहेर गेला. परत आला तो हसत. मी तिथेच बसलो होतो. त्या महिन्यात पाच ग्राहक गेले, दोघांनी थकबाकी अडवली, आणि भागीदाराने नोकरी धरली. त्याला दोष देत नाही. त्याने सांगितलं होतं.

एकच माणूस थांबला, गोदामवाले काका. त्यांचं-आमचं नातं पिंपांमुळे जुळलेलं. धातूची पिंपं, आत पाण्यासारखं द्रव, आणि त्यावर यूएचएफचा, म्हणजे लांबून वाचता येणारा, कागदी टॅग! धातू अँटेना बिघडवतो, पाणी लहर पिऊन टाकतं. पहिल्या दिवशी गेटवर निम्मीसुद्धा पिंपं वाचली गेली नाहीत. आम्ही रात्रभर टॅगखाली फोमच्या पट्ट्या लावून जाडी बदलत होतो आणि काका टॉर्च धरून उभे होते. शेवटी धातूवर चालणारे जाड टॅग घेतले, तेही झाकणाच्या कडेला. किल पासवर्ड (टॅग कायमचा बंद करणारा आकडा) टाकून मेमरी लॉक करायला विसरू नका, तो ३२ बिटांचा असतो आणि टॅग कोरा येतो तेव्हा शून्य असतो. उघडा राहिला तर ज्याच्या हाती लिहिणारं यंत्र, तो आपला पासवर्ड टाकून टॅग कायमचा मारू शकतो.

बैठकीची बातमी काकांपर्यंत गेलीच होती. त्यांनी बोलावून एकच प्रश्न केला, "रीडर कार्डाला विचारतो तरी काय?" मी खरं सांगितलं, काहीच विचारत नाही. "मग विचारणारा बसव," म्हणाले, आणि पैसे आगाऊ दिले.

विचारणारा म्हणजे डेसफायर नावाच्या कार्डाची व्यवस्था, सांकेतिक करायची पद्धत एईएस, की १२८ बिटांची. इथे कार्ड आणि रीडर एकमेकांना यादृच्छिक आकडे देतात, दोघांनी ते सांकेतिक करून परत करायचे. की हवेतून जात नाही, आणि आजचं उत्तर उद्या चालत नाही. प्रत्येक कार्डाची की वेगळी, मास्टर की आणि कार्डाच्या नंबरवरून काढलेली, म्हणजे एका कार्डाची की कोणी फोडली तरी बाकीची शाबूत. कोणी विचारलेलं नाही, तरी सांगतो: कारखान्यातून आलेली, सगळी शून्यं असलेली की पहिल्याच दिवशी बदला. आणि रीडरपासून दार उघडणाऱ्या कंट्रोलरपर्यंतची वायर बघा. विगँड या जुन्या पद्धतीच्या वायरीवर नंबर उघडाच धावतो. कार्ड कितीही भारी घ्या, दाराबाहेरचा रीडर दोन स्क्रूंत निघत असेल तर काय उपयोग!

आता त्या प्रतिस्पर्ध्याचं. आमच्या त्या ग्राहकाला त्याने "अभेद्य" म्हणून १३.५६ ची कार्डं बसवून दिली. दोनेक वर्षांनी मी सहज भेटायला गेलो, खिशात नंबर बदलता येणारं कोरं कार्ड होतं. त्यांच्याच कार्डाचा यूआयडी (चिपचा ओळख-नंबर) त्यावर उतरवला आणि दार उघडलं. कार्डातले कीने बंद होणारे कप्पे (सेक्टर) वापरलेले नाहीत, कीसुद्धा नाही, रीडर फक्त यूआयडी वाचत होता! म्हणजे माझाच जुना माल, नव्या फ्रिक्वेन्सीवर. व्यवस्थापकांनी पाहिलं आणि म्हणाले, "आता बसवलंय, राहू द्या." मला नाकारलं तेव्हा मात्र कोणी असं म्हटलं नव्हतं.

गेल्या महिन्यात त्यांचाच फोन आला. लोकांना मोबाइलच्या एनएफसीने दार उघडायचंय, पण दर वेळी वेगळाच नंबर येतो, काहीतरी बिघाड आहे म्हणे. बिघाड नाही, फोन मुद्दामच तसा वागतो. कार्ड म्हणून वावरणारे बहुतेक अँड्रॉइड फोन दर वेळी ०८ ने सुरू होणारा नवा नंबर देतात. निव्वळ नंबरावर विसंबणाऱ्या रीडरला तो कधीच ओळखू येणार नाही. हे सगळं समजावून सांगितलं, कोटेशनही पाठवलं. भागीदारालाही कळवलं, तो म्हणाला, कॉइल मी बघतो.

उत्तर अजून आलेलं नाही.